अथेन्सच्या गल्लीतील जेवणघर

अथेन्सला जाणारा प्रवासी प्रथम अक्रोपोलिसची टेकडी चढतो आणि थकून पायथ्याच्या प्लाका भागात उतरतो. तेथे बहुतेक उपाहारगृहांच्या दारात एक माणूस उभा असतो. त्याच्या हातात छायाचित्रांसह छापलेले दरपत्रक असते आणि चार-पाच भाषांतील स्वागताची वाक्ये त्याला तोंडपाठ असतात. तेथील जेवण वाईटच असते असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या गिऱ्हाइकासाठी ते रांधले जाते, ते गिऱ्हाईक उद्या परत येणार नाही, हे मालकाला पक्के ठाऊक असते. व्यापाराची जाण असलेल्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

ग्रीक कुटुंब स्वतः जेथे जेवते ते ठिकाण पाहायचे, तर थोडे चालण्याची तयारी हवी. १८९६ साली पहिले आधुनिक ऑलिंपिक सामने ज्या संगमरवरी क्रीडांगणात भरले, त्याच्या मागच्या अंगाला पांग्राती नावाची वस्ती आहे. पाच-सहा मजल्यांच्या इमारती, सज्जांवर कापडी छत, पदपथांवर कडू संत्र्यांची झाडे आणि आठवड्यातून एका सकाळी रस्त्यातच भरणारा भाजीबाजार, असे तिचे रूप. या बाजाराला तेथे लाइकी म्हणतात. व्हेनिझेलोस पंतप्रधान असताना, १९२९ साली, या बाजारांची सुरुवात झाली आणि आजही अथेन्समधील जवळजवळ प्रत्येक वस्तीचा बाजारवार ठरलेला असतो. बाजार उठला, रस्ता धुतला गेला, की दुपारी दोन-अडीचच्या सुमारास कोपऱ्यावरच्या जेवणघरात माणसे जमू लागतात. या जेवणघराचे नाव ताव्हेर्ना.

हा शब्द ग्रीकांनी लॅटिनमधून घेतला. मूळच्या ताबेर्ना या शब्दाचा अर्थ आहे दुकान. जुन्या अथेन्समध्ये हा अर्थ प्रत्यक्षात उतरलेला दिसे. पुढच्या बाजूला वाणसामानाचे दुकान, मागच्या खोलीत दारूची पिंपे आणि चार टेबले, अशा जोडधंद्याला बाकालोताव्हेर्ना म्हणत. बाकालिस म्हणजे वाणी. मराठीत ‘वाणी-बकाल’ म्हणताना जो बकाल उच्चारला जातो, तो याच अरबी शब्दाचा वंशज होय. या वाण्याची उधारीची वही म्हणजे तेफ्तेरी, आणि तिची कथा आणखी मौजेची आहे. कमावलेल्या कातड्याला प्राचीन ग्रीक भाषेत दिफ्थेरा म्हणत. तो शब्द पूर्वेकडे गेला, फारसीत दफ्तर झाला, महाराष्ट्रातील पेढ्यांवर आणि शाळकरी मुलांच्या पाठीवर पोहोचला. आणि तुर्कांच्या मार्फत तोच पुन्हा ग्रीसमध्ये वाण्याची वही होऊन परतला. वस्तीतील गिऱ्हाइकाच्या नावे त्या वहीत वेरेसे, म्हणजे उधारी, मांडली जाई.

आज बहुतेक ताव्हेर्नांतून वाणसामान गेले आहे. पण दुकानाचा स्वभाव गेलेला नाही. गल्ल्यावर मालक, स्वयंपाकघरात मालकीणबाई किंवा त्यांची आई, टेबलांमधून धावणारा मुलगा किंवा पुतण्या, अशी घरची माणसेच पुष्कळ ठिकाणी दिसतात. २०१० पासून आठ वर्षे ग्रीसने जो आर्थिक दुष्काळ सोसला, त्यात मोठ्या पगारी नोकरांवर चालणारी कितीतरी उपाहारगृहे बुडाली. २०१५ च्या उन्हाळ्यात तर बँकेच्या यंत्रातून माणशी दिवसाला साठ युरोंपलीकडे रक्कम काढता येत नव्हती. अशा दिवसांत घरच्या श्रमावर चालणारे दुकान का टिकते, हे व्यापारी कुटुंबांना समजावून सांगावे लागत नाही.

दरपत्रक हातात घेतले की त्याच्या तळाशी छापलेला बारीक मजकूर अवश्य वाचावा. ग्राहकाला कायदेशीर पावती मिळाली नाही, तर पैसे देण्यास तो बांधील नाही, असे तेथे ग्रीक आणि बहुधा इंग्रजी अशा दोन्ही भाषांत लिहिलेले असते. त्याच ठिकाणी बाजारनियमांच्या पालनासाठी जबाबदार असलेल्या व्यक्तीचे नाव असते. कोणता पदार्थ गोठवलेल्या मालाचा आहे, हे फुलीसारख्या खुणेने दाखवलेले असते. कोशिंबिरीवर ऑलिव्हचे तेल घालतो आणि तळणाला सूर्यफुलाचे वापरतो, असा खुलासाही अनेकदा आढळतो. आहाराचे नियम पाळणाऱ्या पाहुण्याला या तळटिपांचा उपयोग वरच्या मोठ्या अक्षरांहून अधिक होतो.

बसण्याची व्यवस्था साधी. लाकडी खुर्च्या, त्यांची गवताने विणलेली बैठक, टेबलावर चिमट्यांनी अडकवलेला कागद. मागितले नसताही पाव येतो आणि त्याचे थोडे पैसे बिलात लागतात. नको असल्यास तो सुरुवातीलाच परत करावा. पाणी येते. दारू किलोवर मागतात, अर्धा किलो, पाव किलो अशी. द्रवपदार्थ वजनाने मागण्याची ही रीत अजून चालू आहे. १९५९ पर्यंत ग्रीसमध्ये ओका हे जुने तुर्की वजन चाले. ते गेले, किलो आला, पण सवय वजनाचीच राहिली. पदार्थ टेबलाच्या मध्यावर ठेवले जातात आणि सारेजण आपापल्या काट्याने त्याच ताटलीतून खातात. कोशिंबिरीच्या तळाशी उरलेल्या तेलात पावाचा तुकडा बुडवून खाणे हा तर तेथील आनंदाचा कळस मानतात. उष्ट्याचा विचार करणाऱ्या जैन कुटुंबाने आरंभीच रिकाम्या ताटल्या आणि वाढण्याचे वेगळे चमचे मागून घ्यावेत. कोणी वाईट मानत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. जैन माणसाला या टेबलावर जेवता येईल काय?

परदेशप्रवासाला निघालेली अनेक कुटुंबे या प्रश्नाचे उत्तर घरूनच ठरवून निघतात. ठेपले, खाकरे, दशम्या, कोरड्या चटण्या यांची पिशवी भरली की प्रश्न उरत नाही. कडक व्रत पाळणाऱ्यांसाठी तेच उत्तर योग्य आहे, यात शंका नाही. कारण ज्या चुलीवर मांस शिजते त्या चुलीवरचे काहीच ज्यांना चालत नाही, त्यांना ताव्हेर्नाचे दार बंदच आहे. परंतु बाहेर जेवण्याची मोकळीक ठेवून अभक्ष्य टाळणारी कुटुंबे संख्येने पुष्कळ आहेत. त्यांनी ग्रीसविषयी एक गोष्ट जाणून घेणे इष्ट आहे. या देशाला उपवासाची भाषा समजते.

ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथात उपवासाला निस्तिया म्हणतात. ईस्टरपूर्वीचे सुमारे सात आठवडे, नाताळपूर्वीचे चाळीस दिवस, ऑगस्टचे पहिले चौदा दिवस, जून महिन्यातील प्रेषितांचा उपवास, शिवाय वर्षभर बहुतेक बुधवार आणि शुक्रवार; सारे पाळायचे ठरवले तर वर्षाचे निम्मे दिवस त्यात जातात. या दिवसांत मांस नाही, अंडी नाहीत, दूध, दही, लोणी, चीज नाही. कडक दिवसांत ऑलिव्हचे तेलसुद्धा वर्ज्य. तेलाने ओथंबलेल्या त्या देशात तेल सोडणे म्हणजे काय, हे आयंबील केलेल्याला किंवा रसपरित्यागाचे व्रत घेतलेल्याला चटकन उमगेल. आजचे सर्वच ग्रीक हे सारे दिवस पाळतात असे मुळीच नाही. पुष्कळांचे उपवास ईस्टरच्या आधीच्या आठवड्यापुरते उरले आहेत. मात्र त्या उपवासांनी घडवलेला स्वयंपाक वर्षभर ताव्हेर्नाच्या परातींत असतो. ज्या पदार्थाला उपवास चालतो, त्याला निस्तीसिमो म्हणतात. हा एक शब्द उच्चारला की वाढणाऱ्याला पुढचे स्पष्टीकरण लागत नाही. ‘दूध घातले आहे काय, लोणी आहे काय, अंडे आहे काय’ हे तीन प्रश्न त्यात एकदम विचारले जातात, आणि विचारणारा विक्षिप्त ठरत नाही. त्या घरातली आजीही तेच विचारत आलेली असते.

येथवर सारे ओळखीचे वाटते. फसगत होते ती यापुढे.

निस्तीसिमो म्हणून मागवलेल्या जेवणात उकडलेला ऑक्टोपस येऊ शकतो. तळलेली माकुळे येऊ शकतात, कोळंबी, शिंपले येऊ शकतात. उपवासाच्या पहिल्या सोमवारी तर माशांच्या अंड्यांचे गुलाबी वाटण पावाला लावून खाण्याची चालच आहे. वाढणारा फसवत नसतो. त्याच्या परंपरेत ते खरोखरच उपवासाचे अन्न आहे, कारण निषेधाचे माप तेथे रक्त हे आहे. ज्या प्राण्यात रक्त दिसते तो वर्ज्य. ज्यात दिसत नाही तो चालतो. मासाही एरवी वर्ज्यच, फक्त २५ मार्चचा सण आणि ईस्टरपूर्वीचा रविवार असे मोजके दिवस वगळून. हे वर्गीकरण ग्रीक विचाराला नवे नाही. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने प्राण्यांचे जे दोन मोठे वर्ग पाडले, ते सरक्त आणि अरक्त असेच होते, आणि ऑक्टोपस, शिंपले, खेकडे यांना त्याने दुसऱ्या वर्गात बसवले होते. आधुनिक विज्ञान सांगते की ऑक्टोपसलाही रक्त असते. त्यात लोहाच्या जागी तांबे असल्यामुळे ते निळसर दिसते, इतकेच.

जैन विचाराने जीवांची मोजणी इंद्रियांवरून केली. स्पर्शापासून आरंभ करून एकेंद्रिय ते पंचेंद्रिय अशी चढती मांडणी तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे, आणि शंख-शिंपल्यांना तेथील परंपरेने द्वींद्रियांत, म्हणजे त्रस जीवांत गणले आहे. त्यामुळे दोन्ही समाज उपवास म्हणतात, दोन्ही समाज संयम म्हणतात, आणि एकाच ताटलीकडे पाहून एकाला ती शुद्ध दिसते, तर दुसऱ्याला तिच्याकडे पाहवत नाही. एकाने रक्त पाहिले, दुसऱ्याने जीव. दोन बाजारपेठांत एकाच नावाचे पण वेगळ्या वजनाचे माप चालावे, तसा हा प्रकार आहे. व्यवहार करणाऱ्याने भाव विचारण्याआधी माप विचारावे हे उत्तम.

म्हणून एका शब्दावर भागत नाही, दोन लागतात. दुसरा शब्द होर्तोफागोस. होर्ता म्हणजे पालेभाजी आणि फागोस म्हणजे खाणारा. शाकाहारी या शब्दाचीच ही ग्रीक जुळी बहीण म्हणावी. या शब्दाने मासे, माकुळे, शिंपले सारे दूर होतात. पण केवळ हाच शब्द वापरला, तर अंडी आणि चीज आत येतात. द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेल्या भातावर अंडे आणि लिंबू यांची पिवळी कढी ओतलेली असते, ती शाकाहारीच समजली जाते. दोन्ही शब्द एकत्र सांगितले, म्हणजे दोन चाळण्यांतून धान्य गेल्यासारखे होते. पहिलीत जे राहते ते दुसरीत अडते.

तरीही कांदा, लसूण, बटाटा आणि मध या चौघांना दोन्ही चाळण्या अडवीत नाहीत. त्यांची नावे वेगळी घ्यावी लागतात : क्रेमीदी, स्कोर्दो, पाताता, मेली. त्यांच्यापुढे होरिस, म्हणजे ‘विना’, हा शब्द लावायचा. मधाचा त्याग हा विषय ग्रीसमध्ये समजावून सांगणे सर्वांत कठीण जाते, कारण तेथे मध हे उपवासाचेच अन्न आहे, औषध आहे आणि पाहुण्याचा सत्कारही आहे. मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग जैन श्रावकाच्या मूलगुणांत एकत्र सांगितला जातो. भाषाशास्त्राची गंमत अशी की संस्कृतातील मधु आणि प्राचीन ग्रीकमधील मेथी, म्हणजे मद्य, हे शब्द एकाच मुळापासून निघाले आहेत.

स्वयंपाकघराकडे पाहिल्याशिवाय या ‘विना’चा अर्थ कळत नाही. ताव्हेर्नाच्या अन्नाचे दोन भाग असतात. मागिरेफ्ता म्हणजे सकाळी शिजवून मोठ्या परातींत ठेवलेले पदार्थ. तिस ओरास म्हणजे मागितल्यावर त्या वेळी केलेले. पूर्वी गिऱ्हाईक थेट स्वयंपाकघरात जाऊन भांड्यांची झाकणे उचलून पाहत असे. अनेक ठिकाणी आजही काचेआड मांडलेल्या पराती पाहून बोटाने दाखवता येतात. जैन पाहुण्याला मोह पडतो तो या परातींचाच. टोमॅटोच्या रसात भाजलेला मोठा पांढरा घेवडा, ज्याला यिगान्देस म्हणजे राक्षस असे नाव आहे. तेलात मुरलेल्या कोवळ्या शेंगा, म्हणजे फासोलाक्या. आणि बाम्येस, म्हणजे भेंडी. भेंडी चिकट होऊ नये म्हणून तिच्यावर व्हिनेगर शिंपडून ती उन्हात ठेवण्याची तेथील गृहिणींची युक्ती महाराष्ट्रातील गृहिणींना ऐकण्याजोगी आहे. या भाज्यांना लादेरा, म्हणजे ‘तेलातल्या’, म्हणतात. पण या प्रत्येकीच्या तळाशी सकाळी सहा-सात वाजताच कांदा पडलेला असतो. तो आता कोणी काढू शकत नाही. ‘होरिस क्रेमीदी’ हा शब्द मागिरेफ्तापुढे निष्फळ आहे. त्याचा अंमल फक्त तिस ओरासवर चालतो.

आणखी एक गोष्ट. लादेरा दुसऱ्या दिवशी अधिक रुचकर लागतात अशी ग्रीकांची ठाम समजूत आहे, त्यामुळे कालची परात आज अभिमानाने वाढली जाते. शिळे न खाणाऱ्याने सिमेरिनो, म्हणजे ‘आजचे’, असे विचारून घ्यावे.

तिस ओरासमध्ये मांसच अधिक, हे मान्य केले पाहिजे. जाळीवर भाजलेल्या भाज्या निर्दोष दिसतात. पण जाळी तीच असते. तळलेल्या भोपळ्याच्या चकत्या मोहक असतात. पण कढईत त्याआधी माकुळे उतरलेली असण्याचा संभव असतो. एवढे वगळून उरते काय? उरते ते थोडे आहे, परंतु उत्तम आहे. गाव-कोशिंबीर, म्हणजे होरियातिकी, कांद्याविना मागवता येते. टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, ऑलिव्ह, वाळवलेली ओरेगानोची पाने आणि वर हात सैल सोडून ओतलेले तेल. उन्हाळ्यातला ग्रीक टोमॅटो मिठाशिवायही खावा असा असतो.

आणि होर्ता. उकडलेल्या पालेभाज्या, त्यांवर तेल आणि लिंबू. कांदा नाही, लसूण नाही, मसाला नाही. दिसायला अगदी गरिबाचे अन्न, आणि होतेही ते गरिबाचेच. उन्हाळ्यात मिळणारी व्लीता म्हणजे राजगिऱ्याच्या कुळातली भाजी, महाराष्ट्रातील माठाची सख्खी बहीण. कोशिंबिरीत घालतात ती ग्लिस्त्रीदा म्हणजे तर साक्षात घोळ. कोल्हापूर-सांगलीकडच्या शेतात पावसाळ्यात आपोआप उगवणारी घोळ अथेन्समध्ये काकडीशेजारी बसलेली पाहून कोणत्याही आजीबाईंना हसू येईल. हिवाळ्यात कडसर रानभाज्या येतात. चातुर्मासात पालेभाजी सोडणाऱ्यांना मात्र हा आधारही राहत नाही, आणि प्रवासी ऋतू नेमका त्याच महिन्यांत पडतो. ऑगस्टमध्ये झाडांखाली सडा पडतो तो अंजिरांचा. तीही वड-उंबराच्या कुळातली, म्हणजे उदुंबर फळे टाळणाऱ्यांना वर्ज्य.

पिवळ्या डाळीचे घट्ट वरण तेथे फावा या नावाने मिळते. सांतोरिनी बेटावरची फावा प्रसिद्ध आहे. तिचे झाड विदर्भातील लाखेच्या डाळीच्या वंशातले. वरून कच्चा कांदा पेरतात, तो टाळता येतो. पण शिजवताना आत एक कांदा घातलेला असतोच. वांग्याचे भरीत लसणीशिवाय होत नाही. दह्यातली काकडी, त्झात्झिकी, तीही लसणीचीच.

बटाट्याबद्दल मात्र एक आख्यायिका सांगितलीच पाहिजे. आज तळलेल्या बटाट्यांशिवाय ताव्हेर्नाचे टेबल पुरे होत नाही. परंतु ग्रीसमध्ये बटाटा रुजवण्याचे श्रेय स्वतंत्र ग्रीसचे पहिले शासक कापोदिस्त्रियास यांना दिले जाते. ते १८२८ साली अधिकारावर आले. लोकांना बटाटा फुकट देऊनही कोणी घेईना, तेव्हा त्यांनी बटाट्यांच्या ढिगाभोवती पहारेकरी बसवले, असे सांगतात. ज्यावर पहारा आहे ते मौल्यवान असणार, असे समजून लोक रात्री येऊन बटाटे चोरू लागले, आणि पहारेकऱ्यांना तिकडे दुर्लक्ष करण्याची आज्ञा होती. खरे-खोटे कोणी तपासावे? परंतु विक्रीची ही युक्ती ज्याला सुचली, तो दुकानदारीत नापास झाला नसता.

फेटा चीजविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण अनेक शाकाहारी कुटुंबे ते पनीरासारखे समजून निःशंक खातात. २००२ पासून युरोपीय कायद्याने फेटा हे नाव ग्रीसपुरते राखून ठेवले आहे. किमान सत्तर टक्के मेंढीचे दूध, उरलेले शेळीचे, आणि निदान दोन महिने खाऱ्या पाण्यात मुरवणे, असे त्याचे नियम आहेत. दूध विरजण्यासाठी मात्र परंपरेने जे वापरले जाते त्याला पितिया म्हणतात. ते दूधपित्या कोकराच्या किंवा करडाच्या जठरातून काढतात. सूक्ष्मजीवजन्य किंवा वनस्पतिजन्य विरजणही काही ठिकाणी वापरले जाते, पण टेबलावर आलेल्या तुकड्यावर ते लिहिलेले नसते आणि वाढणाऱ्यालाही ते ठाऊक नसते. तेव्हा खात्री नसेल तेथे कोशिंबीर फेट्याविना मागवणे हाच सरळ मार्ग. उपवासाच्या दिवसांत ग्रीक माणूसही ती तशीच मागवतो.

वेळेचा प्रश्न उरतो. ग्रीकांचे रात्रीचे जेवण नऊच्या आत सहसा सुरू होत नाही, आणि साडेदहाला टेबले भरलेली असतात. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्याला हे गैरसोयीचे वाटेल. प्रत्यक्षात ते सोयीचे ठरते. जूनमध्ये अथेन्सचा सूर्य साडेआठनंतर मावळतो. सात वाजता ताव्हेर्ना रिकामी असते, तवे धुतलेले असतात, मालकाला बोलायला वेळ असतो. हिवाळ्यात पाचच्या सुमारास अंधार पडतो. तेव्हा दुपारी तीनचे जेवण हेच दिवसाचे शेवटचे धरावे, आणि त्या वेळी तर सारी वस्तीच जेवायला बसलेली असते.

जेवण संपले, बिल मागितले, की पुष्कळदा त्याबरोबर न मागितलेले काही येते. याला केरास्मा म्हणतात, दुकानाकडून पाहुण्याला. कधी कलिंगडाच्या फोडी, कधी दारूचा छोटा पेला. तो नम्रपणे परत करता येतो. उपवासाच्या दिवसांत मात्र बहुधा हलवा येतो, आणि तो पाहून मराठी कुटुंब थबकते, कारण तो रव्याचा शिरा असतो. प्रमाण तेथील मुलांनाही पाठ : एक भाग तेल, दोन भाग रवा, तीन भाग साखर, चार भाग पाणी. तूप नाही, दूध नाही. रवा तेलात तांबूस भाजायचा, साखरेचा पाक दालचिनी घालून वेगळा उकळायचा, तो रव्यावर ओतायचा. मग साच्यात दाबून थंड करायचा आणि वर बदाम लावायचे. मेली आहे काय, एवढे विचारून घ्यावे. बहुतेक वेळा नसते.

पावती येते, तिच्यावर हिशेब ओळीने मांडलेला असतो. येथून उठताना दुसऱ्या दिवसाची गोष्ट बोलून ठेवता आली, तर मागिरेफ्ताचा अडलेला प्रश्नही सुटू शकतो. आव्रियो म्हणजे उद्या. उद्या सकाळी भेंडी किंवा शेंगा शिजवताना, कांदा पडण्याआधी, चार माणसांपुरता वाटा छोट्या भांड्यात वेगळा काढता येईल काय, असे मालकीणबाईंना विचारावे. प्लाकातल्या छायाचित्रांच्या दरपत्रकाजवळ हे शक्य नाही. वस्तीतल्या दुकानात ते अनेकदा शक्य असते, कारण उद्या परत येणारे गिऱ्हाईक तेथे ओळखले जाते. भांडे स्वच्छ घासलेले हवे, तेल ऑलिव्हचे, टोमॅटो, मीठ आणि शेंगा, एवढेच सांगायचे. आणि सांगितलेल्या वेळी न चुकता जाऊन बसायचे, कारण तो वाटा दुसऱ्या कोणाला विकला जाणार नसतो.